अप्पा हिरवेच आहेत

ऑपरेटरबाई इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर लागल्या त्या लग्नाआधी. मोठे डॉक्टर जागेवर नसले, की "साहेब ऑपरेशनमध्ये आहेत" हे वाक्य त्या इतक्या मायेनं म्हणत, की ऐकणारा साहेबांना दुवा देऊन फोन ठेवी. साहेब तेव्हा कँटीनमध्ये असत. 'गोड गळा आहे, पोरीचं कुठं अडायचं नाही,' असं त्यांचे वडील, अप्पा, शिलाई मशीनवरची मान वर न करता येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत.

मग सुधारणा आली. सुधारणा कधी एकटी येत नाही, तिच्याबरोबर एक साहेबही येतो. या सुधारणासाहेबाला कुणी कधी पेशंटच्या जवळपास पाहिलं नव्हतं, पण पेशंटविषयी त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं सगळ्यांना बसवून समजावलं. आजवर इस्पितळाला पैसे मिळत ते पेशंट खाटेवर ठेवल्याबद्दल, म्हणून पेशंट घरी जाईना. आता पैसे मिळणार ते त्याला बरा करून घरी पाठवल्याबद्दल, आणि तो महिन्याच्या आत परत आला तर ते कापले जाणार. कल्पना खरोखर चांगली होती. तिचं मातेरं करायला हुशार माणसंच हवी होती आणि ती इस्पितळात भरपूर होती. पूर्वी पेशंटला बाहेर सोडत नसत, आता परत आलेल्याला आत घेईनात.

टेलिफोन बोर्ड भंगारात गेला. बाईही त्याच टेम्पोत जायच्या, पण गळ्यानं तारलं. त्यांना हेडफोन, स्क्रीन आणि 'आरोग्यसखी' ही पदवी मिळाली. कायमची नोकरी मात्र दरवर्षी नव्यानं मिळवायची झाली. काम एवढंच, की घरी गेलेल्या पेशंटला फोन करायचा आणि विचारायचं, "बरं आहे ना?" पलीकडचं बोलणं यंत्र आपलं आपण लिहून घेई. बरं असेल तर नावापुढे हिरवा ठिपका, नसेल तर लाल, म्हणजे पेशंटला परत बोलवायचं.

आता, "बरं आहे ना?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची आपल्यात रीतच नाही. माणूस कण्हत असला तरी म्हणतो, "बरं आहे, तुमचं कसं काय?" सुधारणासाहेबाचं लाखमोलाचं यंत्र या शिष्टाचारावर उभं होतं. एखादा आडमुठा तक्रार करायचाच, पण बाई त्याला हळूच म्हणत, "अगं बाई! मग दोन दिवस वाट बघू या का? एवढ्यात इथली दगदग कशाला?" तो बिचारा खूश होई. इतक्या आपुलकीनं घरात तरी कोण बोलत होतं त्याच्याशी!

कँटीनच्या भिंतीवर सगळ्या आरोग्यसख्यांचे ठिपके झळकत. बाईंची रांग हिरवीगार. रविवारी माहेरी गेल्या, की त्या कौतुकानं सांगत, "अप्पा, या आठवड्यात एकसुद्धा लाल नाही." अप्पा गल्लीभर ती बातमी पोचवत.

अशात अप्पांचंच हृदय कुरकुरलं. पायांवर सूज आली, श्वास पुरेना. बाईंच्याच इस्पितळात राहून ते घरी परतले. पुढच्या रविवारी खुर्चीत ताठ बसून होते. "आडवं पडायचा कंटाळा आलाय गं," म्हणाले. बाईंनी ते खरं मानलं. विचारण्याची सवय होती, ऐकण्याची नव्हती.

महिना भरत आला तेव्हा यंत्रानं बाईंच्या रांगेत नेमका अप्पांचा नंबर टाकला. बाईंना हसू आलं. त्यांनी मुद्दाम कामाचा सूर लावला.

"नमस्कार, इस्पितळातून बोलतेय. बरं आहे ना?"

"बरं... आहे. अगदी... बरं."

स्क्रीनवर उमटलं, 'बरं आहे. अगदी बरं.' ठिपका हिरवा झाला. धाप, खोकला, उसासे हे सगळं यंत्र गाळून टाकतं, हा तर साहेबाचा अभिमानाचा विषय होता.

बाईंचा कामाचा सूर तिथेच तुटला. "अप्पा, दम लागलाय तुम्हाला?"

"छे! जिना... चढून आलो."

"आपल्या घराला जिना नाही, अप्पा."

"शेजारच्यांचा." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "तू पुढचा... फोन लाव. माझ्यापायी... खोळंबू नको. मी हिरवाच... आहे."

बाईंनी ठिपका लाल करायला बोट टेकवलं. यंत्र म्हणालं, वरिष्ठांची परवानगी घ्या. त्या धावतच साहेबाकडे गेल्या.

"घरचं माणूस म्हटलं की आपण हळवे होतो," साहेब समजुतीनं म्हणाला. "शुक्रवारी त्यांचा महिना भरतोय. दोन दिवस वाट बघू या का? शनिवारी आणा, नवीन पेशंट म्हणून घेऊ."

वाक्य बाईंचंच होतं. सूरसुद्धा साहेबानं त्यांचाच उचलला होता. आजवर किती जणांना आपण हे ऐकवलं आणि त्यांतले किती शनिवारपर्यंत टिकले, हे त्यांच्या मनात आलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. त्यांनी हेडफोन साहेबाच्या टेबलावर ठेवला.

"तुम्ही बघा वाट," त्या म्हणाल्या, आणि रिक्षा पकडायला निघाल्या.

अप्पा खुर्चीतच होते; कंटाळा कसला, आडवं पडलं की श्वास कोंडत होता. ओठ काळसर पडले होते, तरी लेकीला पाहून म्हणाले, "कामावरून... कशाला आलीस?" बाईंनी त्यांना उचलूनच रिक्षात घातलं. इस्पितळात तातडीच्या खोलीतली डॉक्टरीण कुणाच्या परवानगीला थांबली नाही. तिनं ऑक्सिजनचा मास्क लावला, इंजेक्शन दिलं आणि बाईंना म्हणाली, "वेळेत आणलंत. शुक्रवार काही दिसला नसता यांना."

संध्याकाळी अप्पांचा श्वास जरा संथ झाला. कँटीनच्या भिंतीवर तोवर बाईंच्या रांगेत अप्पा परत दाखल झाल्याचा लाल ठिपका उमटला होता आणि साहेबाचं बोलावणं दोनदा येऊन गेलं होतं. बाई खाटेशेजारून हलल्या नाहीत. अप्पांनी डोळे उघडले, लेकीकडे बघितलं आणि मास्क बाजूला सारला.

"तुझी रांग बिघडवली गं मी," ते म्हणाले.

बाईंना रडू आवरेना. त्यांनी मास्क पुन्हा नीट बसवला, आणि डॉक्टरीण कसं वाटतंय विचारायला आली तेव्हा अप्पांच्या आधी त्याच बोलल्या.

"त्यांना विचारू नका," त्या म्हणाल्या. "ते बरं आहे म्हणतील."