लाखेवरचा ठसा
परवा पोस्टात पार्सलवर लाख वितळवत होते. तो जळका वास नाकात गेला आणि मला शिरूरचं ते ऑफिस आठवलं. पंचवीसेक वर्षं झाली असतील. केंदूरच्या आम्ही आठ जणींनी सरकारी शिवणवर्ग पुरा करून शाळेच्या गणवेशांचं टेंडर भरलं होतं. वर्गातल्या मॅडमनी बजावलं होतं, पाकीट लाखेनं बंद करा आणि लाखेवर आपला शिक्का मारा, नाहीतर ते उघडणारच नाहीत. आमच्याकडं शिक्का कुठला? लाख गार व्हायला लागली तशी मी बोटातलं अंगुस्तान काढून वर दाबलं. टेंडर उघडायच्या दिवशी शिरूरच्या ऑफिसात पुण्याचे व्यापारी बसले होते. साहेबांनी आमचं पाकीट उचलून विचारलं, "हा कसला शिक्का?" एक व्यापारी हसला. मी उभी राहिले. "सायेब, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतो, त्या अंगुस्तानाचा हाय. दुसरा शिक्का आमच्याकडं न्हाई. लाख फुटली आसंल तर पाकीट बाजूला ठेवा." साहेबांनी लाखेवरून अंगठा फिरवला, उठलेले ठिपके निरखले आणि पाकीट फोडलं. सगळ्यात कमी दर आमचाच निघाला. पुढं आमच्या आठ जणींच्या संस्थेचा रबरी शिक्का करून घेतला, तेव्हा त्यात मधोमध तेच ठिपके घालायला लावले. बँकेत नवीन आलेली मुलगी चेकवरचा शिक्का बघून कधीतरी विचारते, हे कसलं डिझाइन? मी पर्समधलं अंगुस्तान काढून तिच्या टेबलावर ठेवते.