साठ खुर्च्या आणि नवे पंतप्रधान

सोफे दुरुस्त करायच्या दुकानात बसायला जागा कमी पडत नाही, आणि वहिनींच्या डोक्याला सगळा ताप त्याचाच होता. सकाळी दहाच्या ठोक्याला भाऊजी येत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, बसखात्यातून निवृत्त झालेले तपासनीस. दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी आरामखुर्चीत ते ऐसपैस बसत. पाठोपाठ मास्तर येत. त्यांनी जन्मभर शाळेत अर्थशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे समोरच्या दिवाणावर टेकले तरी त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. मग नव्या पंतप्रधानांचं काय होणार यावर दोघांची जुंपायची ती थेट जेवणवेळेपर्यंत.

पंतप्रधान खुर्चीवर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. वय त्रेचाळीस, बोलणं फर्डं, आणि आल्या आल्या त्यांनी परदेशी मालावरचा कर तिपटीने वाढवलेला.

"वहिनी, दहा वर्षं हलत नाही हा माणूस," भाऊजी खुर्चीच्या हातावर थाप मारून सांगत. "आपल्या कारखान्यांना आता कुठे श्वास घ्यायला मिळणार."

"दिवाळं वाजणार दिवाळं," मास्तर म्हणत. "वर्षभर टिकला तर माझं नाव बदला."

"तुमचं नाव घेतंय कोण? सगळे मास्तरच म्हणतात."

वहिनींना मध्ये तोंड घालायची सोय नव्हती, कारण त्यांच्या तोंडात खिळे असत. सासऱ्यांनीच शिकवलं होतं तसं. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने अलगद उचलायचा आणि कापडावर ठोकायचा. नवरा गेल्यावर गेली अकरा वर्षं दुकान त्यांनी असंच ओढलं होतं. खिळ्यांमुळे उत्तर देता येत नाही, याचा अर्थ आपल्याला पटतंय असा दोघेही काढत, हे मात्र त्यांच्या फार डोक्यात जाई.

त्या महिन्यात गावच्या वाचनालयाचं मोठं काम आलं. वाचनकक्षाच्या साठ खुर्च्या. ग्रंथपालबाई स्वतः येऊन सांगून गेल्या, "वीस तारखेला नवी इमारत उघडतेय. लोकांना उभं राहून वाचायला लावू नका हं, ताई."

वहिनींनी जुनं रेक्झिन सोलून साठही सांगाडे ओळीने भिंतीला लावले आणि फोमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "फोम विसरा. त्याचं रसायन बाहेरून यायचं, ते नव्या करापायी बंदरात अडकलंय. कारखान्याला टाळं लागलंय."

"मग मी काय करू?"

"मला विचारता? मीच घरी बसलोय."

फोन ठेवून वहिनी वळल्या. कधी नव्हे ते तोंड रिकामं होतं. "तुम्ही दोघं एवढे जाणकार," त्या म्हणाल्या, "सांगा, साठ खुर्च्यांत काय भरू?"

भाऊजींनी घसा खाकरला. "देशासाठी थोडी कळ सोसायला हवी, वहिनी."

"मी पहिल्या दिवसापासून बजावत होतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला.

वहिनींचं डोकं फिरलं. "उठा," त्या म्हणाल्या. "दोघंही उठा! कळ सोसायची म्हणे. ती मी सोसायची, आणि तुम्ही लोकांच्या सोफ्यांवर लोळून सोसलेली बघायची? आणि मास्तर, माझं काम बुडतंय आणि तुम्हाला आनंद होतोय? दोन महिने माझे कान किटवलेत. एक दिवस कुणी विचारलंत, वहिनी, हातभार लावू का?"

दोघे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले. रस्त्यापलीकडचा शिंपी मशीन थांबवून बघू लागला.

वहिनी ताडताड माळ्यावर चढल्या. फोम येण्याआधी सासरे खुर्च्यांत काथ्या भरत. दाभण आणि सुतळीने तो असा बांधत की वीस वर्षं बैठक खचत नसे. त्याची सहा पोती वर तशीच पडून होती. ती त्यांनी खाली ढकलली. धुळीने भाऊजी शिंकायला लागले.

"हा घट्ट झालाय. बोटांनी पिंजून मोकळा करायचा. नाही जमणार तर घरी जायचं."

कुणी घरी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भाऊजींची कंबर धरली, तेव्हा ते जमिनीवर आडवे होऊन पिंजू लागले. मास्तरांची बोटं मात्र भलतीच चपळ निघाली. तोंडं बंद पडली असं नाही. कर, बेकारी, महागाई, सगळं चालूच होतं, आणि वाद तापला की काथ्या भराभरा पिंजला जाई, हे वहिनींनी ओळखलं. काम सुस्तावलं की त्या मुद्दाम विचारत, "का हो, हे सरकार पडेल का?"

एकोणीस तारखेला साठावी खुर्ची टेम्पोत चढली. त्याच संध्याकाळी बातमी आली. नवा कर सरकारने वर्षभरासाठी स्थगित केला होता. पंतप्रधान जागेवरच होते.

"बघा, डळमळला!" मास्तर ओरडले.

"बघा, टिकला!" भाऊजी ओरडले.

वहिनींनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात लोक खुर्च्यांवर बसून बघत होते. जरा कडक आहेत, पण पाठ ताठ राहते, असं एका म्हाताऱ्या वकिलांनी सांगितलं. ग्रंथपालबाईंनी वहिनींच्या हातात चहा दिला आणि सहज विचारलं, "तुम्हाला काय वाटतं हो, हे नवे पंतप्रधान निभावून नेतील?"

"मला काय कळतंय त्यातलं," वहिनी म्हणाल्या. पण पुढचं वाक्य आपोआपच आलं. "कर वाढवायचा तर वाढवा ना. पण आधी सांगा. सकाळी जाहीर आणि संध्याकाळी लागू, असं कुठे असतं? आपलं रसायन आपण बनवू म्हणता, मग आधी तो कारखाना तरी उभा राहू द्या. आणि मी पोती उपसून झाल्यावर म्हणता, वर्षभर थांबतो? माणूस मेहनती आहे, नाही म्हणत नाही मी, पण त्याला विचारायला कुणी..."

वकील खुर्ची ओढून जवळ आले. त्यांना मुळीच पटलं नव्हतं, तसं त्यांनी सांगितलंही. वहिनींनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मोकळे केले. दारात भाऊजी आणि मास्तर ताटकळत उभे होते.

"वहिनी, दुकान उघडायचंय ना?" भाऊजींनी हाक मारली.

"थांबा हो जरा," वहिनी म्हणाल्या. "यांना एवढं समजावते आणि येते."