गुरुवारचे डबे

आम्ही नगरचे ख्रिस्ती. अमेरिकेत घरोघरी आपलेच लोक असणार, अशी माझी भाबडी समजूत होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे २००४ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आलो आणि पहिल्याच रविवारी जवळच्या चर्चमध्ये गेलो. एवढं मोठं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), आणि पुढच्या बाकांवर पांढऱ्या केसांची मूठभर मंडळी. उपासना संपल्यावर ऑर्गन वाजवणाऱ्या आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आमची मुलं आता नाताळलासुद्धा येत नाहीत. तू मात्र येत जा."

मी जात राहिले. तिथे दर गुरुवारी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गरम जेवण मिळायचं. त्यातले कित्येक देवाचं काही मानत नसत, पण गप्पा मारायला यायचे.

दोन वर्षांनी पाळकांनी उपासनेतच सांगितलं, "इमारत चालवणं आता झेपत नाही. जागा विकली आहे."

मी उभी राहिले. "मग गुरुवारचं जेवण?"

"थांबवावं लागेल."

देऊळ गेल्याचं दुःख होतंच, पण हे ऐकून मला संताप आला. बाहेर पार्किंग लॉटमध्ये मी आजींना म्हटलं, "स्वयंपाक मी करते."

"मग ड्राइव्ह मी करते," त्या म्हणाल्या.

नवरा वैतागला. "अख्ख्या चर्चला जमलं नाही, ते तू अपार्टमेंटच्या किचनमध्ये करणार?"

"करणार. तू कांदा चिर."

चर्च पाडून तिथे टाउनहाउस उभी राहू लागली, आणि आम्ही दारोदार डबे देऊ लागलो. सूप, भात, मिरची न घालता केलेलं चिकन. एका हिवाळ्यात एका आजोबांनी दार उघडलं नाही. आजी तिथून हलेनात. शेवटी इमारतीच्या मॅनेजरकडून किल्ली आणवली, तर आजोबा बाथरूममध्ये पडलेले, शुद्धीवर होते, पण आवाज फुटत नव्हता. आदल्या दिवसापासून ते तसेच पडून होते, कोणालाच पत्ता नव्हता.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला बजावलं, "माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस. मी ते मानत नाही."

"करणार," मी म्हटलं. "तुम्ही मानलंच पाहिजे असं नाही."

ते पहिल्यांदाच हसले. घरी आल्यावर काठी टेकत आमच्याबरोबर फिरू लागले. आजींची कार हळू चालते अशी तक्रार करत ते मागच्या सीटवर डबे सांभाळून धरायचे.