कुडाळला कातडी दाखवायला

मिठबावहून निघाले तेव्हा घरची सगळी माणसं खळ्यात (अंगणात) उभी होती, मी काशीला निघाल्यासारखी. त्यांना खरं तर निकाल हवा होता. माझ्या हातावर गोल चकत्या उठल्या होत्या आणि हा महारोगच, असं धाकट्या शेवंताने ठरवलं होतं. आम्ही दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. म्हणजे बहीण ती, जाऊ ती आणि आता डॉक्टरही तीच. माझी थाळी वेगळी झाली होती. कुडाळच्या डॉक्टरने होय म्हटलं की मला मांगरात (बागेतल्या खोपीत) हलवायचं होतं.

सोबतीला शेवंताच आली. एसटीत बसली मात्र दोन बाकं मागे.

"आजी, पुढे जागा आहे," कंडक्टर तिला म्हणाला.

"माका हयच बरां."

"माझो रोग लागात म्हणान भियाता ती," मी पुढून सांगितलं. माझ्या शेजारच्या माणसाचं तिकीट मालवणचं होतं. तो आचऱ्यालाच उतरला.

मालवणला गाडी बदलून कुडाळ गाठलं. स्टँडजवळ उसळपाव खाल्ला. शेवंताने माझा पाव कागदावरून पुढे ढकलला, मांजराला देतात तसा.

दवाखान्यात कातडी कापतील असं वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नुसतं विजेरीएवढं यंत्र चकतीवर टेकवलं. पडद्यावर ती चकती कुणग्यासारखी (भातखाचरासारखी) दिसली, भोवती पांढरा बांध.

"हा बांधच याची खूण. महारोग नाही आजी. पोरोकेरॅटोसिस म्हणतात, क्वचित दिसतो. कुणाला लागत नाही, आईबापांकडून रक्तातून येतो. उन्हात झाकून ठेवा, अधूनमधून दाखवत जा. घरात आणखी कुणाला आहे?"

"कोणाक नाय!" शेवंताने लुगडं खाली ओढलं.

बाईंनी ते पाहिलं. "पाय बघू."

पोटरीवरच्या चकत्या पडद्यावर आल्या. बांध माझ्यापेक्षा नीट घातलेले.

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षां."

म्हणजे माझ्याही आधी.

परतीच्या गाडीत ती मला खेटून बसली. "गो बाय, घराक सांगू नको. माका मांगरात धाडतले."

"माका धाडूक निघालंस तेव्हा मांगर बरो होतो?"



खळ्यात तिच्या मुलाने विचारलं, "काय झालां?"

शेवंता माझ्याकडे बघत राहिली.

"आमच्या कुळारचो (माहेरचा) आजार आसा," मी म्हटलं. "दोघींकय आसा. कोणाक लागणा नाय. मांगरात कोणच जावचां नाय."

एवढ्या लांबून आणलेली बातमी अर्धीच सांगण्याइतकं मोठं मन माझ्याकडे नाही.