सहीसाठी सोडायची जागा

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या ज्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तिथे पाकिटं भरणारी यंत्रं बनत. मी ट्रेनी होतो आणि शनिवारी माझी मुदत संपत होती. पुढे ठेवणार की नाही, कुणी बोलत नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. गावाकडे आईने मात्र सगळ्यांना सांगून टाकलं होतं, मुलगा बडोद्याला इंजिनियर आहे. त्यामुळे काही विचारायची भीती वाटे आणि न विचारण्याचीही.

त्याच शनिवारी गिऱ्हाईक यंत्र तपासायला येणार होतं. आमच्याकडे पद्धत अशी की यंत्राबरोबर त्याच्या प्रोग्रामची छापील प्रत द्यायची आणि प्रत्येक पानावर उजवीकडे गिऱ्हाइकाने सही करायची. आमचे साहेब बडोद्यातच वाढलेले मराठी, बोलण्यात अर्धी गुजराती. सकाळी म्हणाले, "प्रिंट काढ. सहीला जागा ठेवजे हं. गेल्या वेळी अक्षरांवरच सही ठोकली त्याने, सारू नाही दिसत."

मी एडिटरमध्ये फाइल उघडली. काही ओळी डावीकडे एवढी मोकळी जागा सोडून सुरू होत होत्या की कागदाच्या उजव्या कडेला आदळून मोडत होत्या. कॉलेजात प्रोग्रामची जी भाषा शिकलो तिच्यात ही मोकळी जागा केवळ दिसायला बरी म्हणून सोडायची. मी ती सगळी काढून टाकली. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या ओळी डाव्या कडेला लागल्या. समाधानाने फाइल सेव्ह केली आणि कागद आणायला गेलो.

परत येतो तो यंत्रापाशी गोंधळ. यंत्र चालूच होत नव्हतं. प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या सीनियर, ज्यांना सगळे बेन म्हणत, वायरी तपासत होत्या. मला वाईट वाटलं. मी त्यांना पाणी आणून दिलं. आपला काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही, मी तर फक्त प्रिंटची तयारी करत होतो.

मग बेननी माझा स्क्रीन पाहिला.

"आ शू कर्यू, भाई? प्रोग्रामला इस्त्री मारली?"

तेव्हा कळलं की यंत्र हीच फाइल उचलतं, आणि या भाषेत कुठली ओळ कुठल्या अटीखाली आहे, हे ती मोकळी जागाच ठरवते. मी घाईघाईने अंदाजाने जागा परत घातल्या. यंत्र सुरू झालं. मी हसलोसुद्धा. पण पाकीट भरलं तरी यंत्र थांबेना, चाचणीसाठी भरलेला मसाला जमिनीवर सांडत राहिला.

"पण बेन, आता तर एकही एरर दाखवत नाहीये."

"तेच वाईट," त्या म्हणाल्या. "आता अंदाज बंद. कंट्रोल झेड दाब."

"कुठपर्यंत?"

"दाबून काही हलेनासं होईल तिथपर्यंत."

मी दाबत राहिलो. ओळी आधी पुन्हा डाव्या कडेला आल्या, मग एकेक करून आत सरकत गेल्या. कुठली माझी चूक आणि कुठली चुकीची दुरुस्ती, मला ओळखू येईना. शेवटी काही हलेनासं झालं. बेननी फाइल सेव्ह करून यंत्र चालवून पाहिलं. पाकीट भरलं, थांबलं. मग त्यांनी फाइलला हात न लावता प्रिंटच्या खिडकीत कागद आडवा केला. ओळी मावल्या, सहीची जागाही उरली. एवढं सोपं होतं तर मला का सुचलं नाही, कोण जाणे.

गिऱ्हाईक आलं. फोनवर बोलत बोलत त्याने सगळ्या पानांवर सह्या केल्या. एक ओळही वाचली नाही. मग ती छापायची कशासाठी, हे मी बेनना विचारणार होतो, पण त्या दिवशी माझ्या नावावर गोंधळ पुरेसा झाला होता.

निघताना साहेब मसाल्याने पिवळ्या झालेल्या जमिनीकडे बघत म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये. आधी बेनला विचारायचं, मग हात लावायचा."

संध्याकाळी आईचा फोन आला. "पक्की झाली का रे नोकरी?"

"सोमवारी बोलावलंय."

"म्हणजे झाली?"

"रागावून बोलावलंय, आई. पण बोलावलंय."

ती म्हणाली, "तुमच्या शिकलेल्या लोकांचं काही कळत नाही बाबा. डबा नेशील ना?"

"नेईन," मी म्हणालो.