फोनमध्ये न दिसणारी नवसाबाई

आमच्या मखमलाबादच्या मळ्यांत नवसाबाईसारखी मदतीला धावणारी बाई दुसरी नाही, हे खुद्द नवसाबाईनंच मला सांगितलं आहे. आणि ते खरं आहे, हीच अडचण.

शेजारच्या सुवर्णाचा नवरा राज लष्करात. तो तिकडं बर्फात, ही इथं सहा वर्षांच्या आरोहीला घेऊन एकटी. "फौजीचं घर हाय, आपला हात लागला पाहिजे," असं नवसाबाईनं ठरवलं आणि लावलाच. सुवर्णाच्या टोमॅटोची बांधणी तिनं केली. विहिरीची मोटर जळाली, ती सातपूरहून दुरुस्त करून आणवली. आरोहीला ताप आला तेव्हा स्वतःच्या नवऱ्याला, सावळीरामला, जेवत्या ताटावरून उठवून डॉक्टर आणायला पिटाळलं.

समोरची सिंधुबाई मात्र एकच काम करायची. रविवारी सकाळी नऊला सुवर्णाकडे चहाला जायची. राजला आठवड्यातून तेवढ्याच वेळी रेंज मिळायची. व्हिडिओ कॉल लागला, की सिंधुबाई सुवर्णाच्या खांद्यावरून डोकावून ओरडायची, "राज, काळजी नको करू बाळा! मी हाय इथं!"

नवसाबाई त्या वेळी फुलबाजारात झेंडूच्या ढिगामागं बसलेली असायची.

एका रविवारी राज म्हणाला, "सिंधुकाकू, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे." सुवर्णानं भोळेपणानं हे नवसाबाईला सांगितलं. त्या दिवशी नवसाबाई जेवली नाही. म्हणजे दोनच भाकरी खाल्ल्या.

"तिच्या चहा पिण्यानं मोटर सुरू झाली का हो?" तिनं सावळीरामला विचारलं.

"अगं, मदत करणाऱ्यानं तोंड कशाला दाखवायचं?"

"मग तुम्ही सोसायटीच्या फोटोत कोपरानं वाट काढत पुढं कशाला येता?"

सावळीरामला एकदम गोठ्यातलं काम आठवलं.

पुढच्या रविवारी झेंडूबरोबर सावळीरामची रवानगी बाजारात झाली. नवसाबाई नवी साडी नेसून, पावडर लावून साडेआठलाच सुवर्णाकडे हजर.

"आज बाजार बंद हाय का?" सिंधुबाईनं विचारलं.

"चालू हाय. काही लोकांची दुकानं इथंबी चालूच हायेत की."

फोन वाजला. सुवर्णानं उचलला मात्र, नवसाबाईनं तो ओढूनच घेतला. "राज, वळखलं का? ती मोटर मी दुरुस्त करवली!"

मागून सिंधुबाई घुसली. "आणि मी रोज येते हां इथं!"

"रोज? रविवारीच तर उगवतीस!"

"तू तर आज पहिल्यांदाच दिसतेस!"

राज टक लावून बघत होता. दोघींना वाटलं, मन लावून ऐकतोय. प्रत्यक्षात रेंज गेल्यानं त्याचं चित्र तसंच अडकून राहिलं होतं. मग तेही गेलं. सुवर्णानं पाच-सहा वेळा फोन लावून पाहिला. लागला नाही.

आरोही पडलेला पहिला दात मुठीत घेऊन उभी होती, पप्पाला दाखवायला.

"बसा काकू, चहा ठेवते," सुवर्णा म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. दोघी बायका एकमेकींकडे न बघता उठून घरी गेल्या.

त्यापुढच्या रविवारी सकाळी सहालाच नवसाबाई सिंधुबाईच्या दारात.

"चल, बाजारात."

"मी? कशाला?"

"त्या लेकरांना बोलू दे सुखानं. मी नाय थांबणार, आणि मी नाय तर तूबी नाय."

"आणि तू रिक्षा करून गुपचूप परत आलीस म्हंजे?"

"म्हणून तर संगं चल म्हणते. ठेव लक्ष!"

हे मात्र सिंधुबाईला पटलं.

नऊ वाजले. दोघी एकाच पोत्यावर, एकमेकींवर नजर ठेवून.

"लागला असंल फोन," सिंधुबाई पुटपुटली.

"लागू दे. पोरीनं दात दाखवला असंल."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि नवसाबाईला ओलांडून सिंधुबाईला म्हणालं, "मावशी, झेंडू झकास हाय तुमचा!"

सिंधुबाई गोड हसली.

"फुलं माझी हायेत," नवसाबाई म्हणाली. पलीकडच्या शेवंतीवालीलाही ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.