फोनने सोडलेली रेघ

तुम्ही दोघं जयपूरहून गाडी चालवत वसईला येणार, असं तुमच्या आईने कळवलं. तुम्ही पाठवलेला नकाशा पाहिला. नीट आखला आहे. माझाही नीटच होता, म्हणून हे लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आणि तुमचे आजोबा उदयपूरला जाऊन आलो. गाडी मी चालवली. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दोनच महिने झाले होते, काठी घेऊनही दहा-बारा पावलांपुढे जाववत नव्हतं. मार्ग मी संगणकावर आखला. जिथे नकाशाची वाट पटली नाही, तिथे निळी रेघ ओढून हव्या त्या रस्त्यावर बसवली. शेवटची ओढली ती सातिवलीहून गोखिवऱ्याकडे, आपल्या नेहमीच्या वाटेवर.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. अशी ओढलेली रेघ फोनवर गेली की फोन ती सोडून देतो. थांबे तेवढे ठेवतो आणि मधली वाट स्वतःच ठरवतो. तसं सांगत मात्र नाही. आठ दिवस त्याची वाट आणि माझी वाट जुळत गेली.

परतताना दुपारी बाराच्या सुमारास सातिवलीचा फाटा आला आणि फोन म्हणाला, सरळ चला.

"अहो, हा सरळ का म्हणतोय?"

"आखलंस तू, आणि मला विचारतेस?" आजोबा म्हणाले. "जन्मभर पोरांना नकाशे भरायला लावलेस, मास्तरीणबाई. भर आता."

मला वाटलं, रेघ माझीच आहे, काहीतरी कारण असणार. पुढे त्याने उजवीकडे वळवलं. डांबर संपलं, आणि मग मिठागरांमधला बांध लागला, एका गाडीपुरता. फोनवर तो ठसठशीत निळा रस्ता होता आणि घर अकरा मिनिटांवर. पुढची माती काळी दिसू लागली, मग चकाकू लागली. मी वेग कमी केला.

समोरून एक मिठागरातली बाई लगबगीने आली. तिने काचेवर थाप मारली.

"ओ बाय, कुठं चालली? आज आवस हाय!"

"फोन रस्ता दाखवतोय."

"फोनला काय म्हाईत आवस? पानी बांदावर चढतंय. मागं घे. वळवू नको, मागंच घे!"

आपण वाडीवाले, बागायतीतले. विहिरीला पाणी किती हातांवर आहे ते आपण सांगू, पण भरतीचं आपल्याला कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी उधाण येतं, हे मी मुलांना शिकवलं होतं. पण घरात तिथी बघते ती उपवासापुरती.

अर्धा किलोमीटर गाडी मागे घेतली. बाई पाण्यातून चालत हाताने दिशा दाखवत होती. आजोबा काच खाली करून चाकापासून कडेपर्यंतचं अंतर सांगत होते. "वीतभर... चार बोटं... अगं, काहीच नाही!" एकदा त्यांनी दाराच्या कडीला हात लावला आणि काढून घेतला. गाडी अडली असती तर मी उतरून चालले असते. ते कुठे गेले असते? आम्ही दोघंही तेच मनात म्हणत होतो.

डांबरावर आलो तेव्हा बांध दिसेनासा झाला होता. फोनवर तो निळाच होता.

मी नकाशावाल्यांना चूक कळवली. बांधावरची रेघ गेली, आणि आठवड्याभरात परत आली. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं, बांध कोरडा राहतो, कामगारांच्या दुचाक्या त्यावरून जातात. त्यांच्या खिशातल्या फोनवरूनच नकाशा शिकत असावा, की इथे रस्ता आहे. मी चारदा कळवलं. आज सकाळी पाहिलं, रेघ आहे.

तुमचा यायचा दिवस पौर्णिमेचा आहे आणि वेळ दुपारची. सातिवलीच्या फाट्यावर मी गाडी घेऊन उभी असेन. फोन काहीही म्हणो, माझ्या मागून या.